सोन्याचा कस आणि नाण्याची प्रत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्ती-निधीचे आवाहन आणि वधूवर-सूचक शाखेचा अहवाल हे विषय दरवर्षी असतात व ते असावयासच हवेत. यंदा समितीने आमच्यासारख्या एका निवृत्त शिक्षकास व्याख्यानासाठी पाचारण केले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा वेदान्तावर किंवा अर्थशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे आम्हांस शोभणार नाही. मात्र जुनी नाणी पाहण्याचा छंद आम्हांस पुष्कळ वर्षांपासून आहे, आणि उत्तरपत्रिका तपासण्यात तर आमचे उभे आयुष्य गेले. या दोन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात असा एक विषय आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत. तो म्हणजे सोन्याच्या नाण्यांची तज्ज्ञांकडून होणारी प्रतवारी आणि तिचा हौशी संग्राहकास होणारा उपयोग.

कोणी म्हणेल की, हा श्रीमंतांचा शोक. आपल्यासारख्या नोकरदार व दुकानदार कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध? आमचे उत्तर असे की, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी देवघरातील डब्यात किंवा बँकेच्या तिजोरीत एखादी तरी राणीछाप वा राजाछाप गिन्नी आहे. कोणाकडे पणजीच्या पुतळ्यांच्या माळेतील दोन-चार पुतळ्या आहेत. घरात आजारपण आले, मुलीचे लग्न ठरले किंवा भावाभावांत वाटणी झाली, म्हणजे ही नाणी बाहेर निघतात आणि पेढीवरच्या तराजूत जाऊन पडतात. तेथे त्यांचे वजन होते, भाव लागतो, आणि कित्येकदा ती मुशीत जातात. आपण नेमके काय विकले हे विकणारास कधीच कळत नाही. हे अज्ञान दूर व्हावे हाच आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम दोन शब्दांचा भेद ध्यानात घ्यावा. एक कस आणि दुसरा प्रत. कस म्हणजे धातूची शुद्धता. ती पाहण्यासाठी आपल्याकडे कसोटीचा दगड पूर्वापार आहे. आज त्याच्या जोडीला सरकारी हॉलमार्क आहे. 2021 च्या जूनपासून दागिन्यांवर तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रत्येक डागावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण येऊ लागली. या खुणेवरून सोने 22 कॅरटचे आहे की 18 कॅरटचे हे समजते. गिन्नी, म्हणजे ज्यास इंग्रज सॉव्हरिन म्हणतात ते नाणे, 22 कॅरटचे असते. त्याचे वजन 7.98 ग्रॅम, व्यास सुमारे 22 मिलिमीटर आणि आतील शुद्ध सोने सुमारे 7.32 ग्रॅम. हा झाला कस.

प्रत ही निराळी गोष्ट. एकाच साच्यातून, एकाच दिवशी पडलेली दोन नाणी घ्या. दोहोंचा कस एकच. परंतु एक नाणे शंभर वर्षे हातोहात फिरून झिजले आणि दुसरे टांकसाळीतून निघाल्यापासून मखमलीत राहिले, तर त्यांची प्रत एक कशी असेल? संग्राहक किंमत देतो ती नाण्याच्या दुर्मिळतेस, त्याच्या इतिहासास आणि या प्रतीस. सोन्याची किंमत त्याच्या पायाशी असतेच. परंतु पाया म्हणजे संपूर्ण इमारत नव्हे.

दुर्मिळतेचे एक उदाहरण देतो. लंडनच्या टांकसाळीत 1917 साली दहा लाखांहून अधिक गिन्न्या पाडण्यात आल्या. परंतु महायुद्धातील देणे फेडण्यासाठी त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या आणि तेथे वितळविल्या गेल्या. त्यामुळे लंडनची 1917 ची गिन्नी आज दुर्मिळ आहे. त्याच सालच्या सिडनी किंवा पर्थ येथील गिन्न्या मात्र मुबलक मिळतात. भेद कशाने ओळखावा? घोड्याच्या पायांखालील जमिनीवर, सालाच्या किंचित वर, एक बारीक अक्षर असते. सिडनीचे एस, मेलबर्नचे एम, पर्थचे पी. लंडनच्या नाण्यावर अक्षर नसते. येणेप्रमाणे तिळाएवढ्या एका अक्षराच्या असण्यानसण्यावर किंमत कित्येक पटींनी बदलते. आणि तराजूस तर ते अक्षर दिसतच नाही!

आपल्या मुंबईचाही यात मान आहे. 1918 साली मुंबई येथे रॉयल मिंटची शाखा उघडून गिन्न्या पाडण्यात आल्या. त्यांची संख्या तेरा लाखांच्या आसपास होती. त्यांवर इंडियाचे आय हे अक्षर आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात पाडलेली सॉव्हरिन एवढ्या एकाच सालची. ती काही अति दुर्मिळ नव्हे. परंतु ज्याच्या घरी ती असेल त्याने ती ओळखावी आणि मुलाबाळांस दाखवावी, अशी खासच आहे. पुतळीची कथाही रंजक. मूळ पुतळी म्हणजे इटलीतील व्हेनिस नगरीचे डुकाट हे सोन्याचे नाणे. ते प्रथम 1284 साली निघाले आणि व्यापाराच्या ओघात पश्चिम किनाऱ्यावरून आपल्या देशात आले. त्यावरील माणसांच्या आकृतींमुळे आपण त्यास पुतळी म्हटले, आणि पुढे त्याच्या नकला आपल्याकडेही घडू लागल्या. गळ्यातील माळेत अस्सल कोणती आणि नक्कल कोणती हे ओळखणे जाणत्याचेच काम होय.

आता प्रतवारीच्या इतिहासाकडे वळू. ही विद्या शास्त्रशुद्ध रूपास आली ती अमेरिकेत. तेथे नाणी जमविणाऱ्यांची एक मोठी संघटना 1891 पासून कार्य करीत आहे. परंतु पुष्कळ काळपर्यंत प्रत ठरवीत असे तो विकणारा स्वतःच. त्याने 'उत्तम' म्हणावे आणि घेणाराने मानावे. विकताना जे नाणे 'अत्युत्तम' असे, तेच पुन्हा त्याच दुकानी विकावयास नेले म्हणजे 'बरे आहे' एवढ्यावर येई. शब्द लवचिक होते आणि ओढ स्वार्थाची होती. शिकवणी घेणाऱ्या मास्तरानेच आपल्या शिष्याचा पेपर तपासावा, अशातला तो प्रकार.

1949 साली डॉ. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात 1 ते 70 अशी अंकांची मोजपट्टी दिली. कल्पना सोपी होती. पार झिजलेल्या नाण्याची किंमत एक डॉलर धरली, तर त्याच जातीच्या निर्दोष नाण्याची सत्तर डॉलर समजावी. बाजारभावाचे हे गणित लवकरच मोडले. परंतु अंकांची शिडी टिकली आणि 1970 नंतरच्या दशकात ती सर्व प्रकारच्या नाण्यांस लागू झाली. या शेल्डनसाहेबांविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. न्यूयॉर्क येथील अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम नाणी काढून घेऊन त्यांनी त्या जागी कमी प्रतीची ठेवली होती, हे पुढे उघडकीस आले व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ते कशाने उघडकीस आले? मूळ नाण्यांची जुनी छायाचित्रे होती. प्रत्येक नाण्यावरील ओरखडे व खुणा त्यांत टिपल्या गेल्या होत्या, आणि ताडून पाहताच अदलाबदल दिसली. मोजपट्टी करणाराच चुकीच्या मार्गाने गेला. परंतु नोंदीने सत्य राखले. यातून घ्यावयाचा बोध आम्ही शेवटी सांगू.

1972 साली त्या अमेरिकन संघटनेने नाण्यांच्या खरेपणाची परीक्षा करणारी सेवा सुरू केली आणि त्याच दशकाच्या अखेरीस प्रतही देण्यास आरंभ केला. पुढे 1986 साली प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस आणि 1987 साली न्युमिस्मॅटिक गॅरंटी या दोन संस्था निघाल्या. आज जगात त्यांचाच बोलबाला आहे. त्यांनी तीन गोष्टी नव्याने रूढ केल्या. विकणारा व घेणारा यांखेरीज तिसऱ्याने प्रत ठरवावयाची. नाणे कठीण पारदर्शक डबीत कायमचे बंद करावयाचे. आणि आपल्या निर्णयाची आर्थिक हमी घ्यावयाची. निर्णय चुकला व नाणे खोटे निघाले, तर संस्था भरपाई देते.

परीक्षेची पद्धत ऐकून आम्हां शिक्षकांस तर आपल्या बोर्डाचीच आठवण होते. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तसेच येथे नाण्यास क्रमांक मिळतो आणि मालक कोण हे परीक्षकास ठाऊक नसते. एकाहून अधिक परीक्षक स्वतंत्रपणे नाणे पाहतात व अंक देतात. आपल्याकडे नियामक असतो, तसा तेथेही अखेरचा निर्णय देणारा एक ज्येष्ठ परीक्षक असतो. न्युमिस्मॅटिक गॅरंटीच्या परीक्षकांस तर नाण्यांचा व्यापार करण्याची मनाई आहे. निकालानंतर नाणे डबीत बंद होते. वर चिठ्ठी असते आणि तीवर साल, प्रत व क्रमांक. तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घातला म्हणजे नोंद समोर येते.

ते पाहतात काय? पहिली गोष्ट झीज. उंचवटे आधी झिजतात. राजाच्या केसांची वळणे, घोड्याच्या अंगाचा फुगीर भाग, स्वाराचे शिरस्त्राण. दुसरी गोष्ट टांकसाळीची मूळ झळाळी. दिव्याखाली नाणे हळूहळू फिरविले असता प्रकाश चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरतो. ही झळाळी एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. तिसरी गोष्ट ठसा पूर्ण उमटला आहे किंवा नाही. चौथी गोष्ट लहानमोठे ओरखडे. कारण जी नाणी बाजारात कधी फिरलीच नाहीत तीही पिशवीत एकमेकांवर आपटून जखमी होतात. आणि पाचवी गोष्ट म्हणजे एकंदर रूप.

अंकांची वाटणी ढोबळमानाने अशी. 1 म्हणजे जेमतेम ओळखू येणारे. 20 ते 35 म्हणजे झिजलेले परंतु मुख्य तपशील स्पष्ट असलेले. 40 व 45 म्हणजे थोडे झिजलेले. 50 ते 58 म्हणजे झीज नाममात्र. 60 ते 70 ही शेवटची पायरी व्यवहारात न वापरलेल्या नाण्यांची. त्यांतील 70 म्हणजे पाच पट मोठे दाखविणाऱ्या भिंगातूनही टांकसाळीनंतरचा एकही दोष न दिसणारे. आणि एक प्रकार असा की, ज्यात अंक मिळतच नाही. नाणे घासलेले असेल, खरवडलेले असेल, त्यास भोक पाडलेले किंवा कडी जोडून काढलेली असेल, तर 'नाणे खरे, परंतु दूषित' असा शेरा मिळतो. संग्राहकाच्या बाजारात या शेऱ्याने पुष्कळ किंमत उतरते.

हौशी मनुष्यास याचा लाभ काय? पहिला व मोठा लाभ खरेपणाचा. आपण समजतो की, सोने खरे असले म्हणजे नाणे खरे. हा समज घातक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील मिलान आणि लेबनॉनमधील बैरुत येथे गिन्न्यांच्या नकला निघाल्या. त्यांत सोने कमी नव्हते! सोन्याच्या भावाहून गिन्नीस बाजारात अधिक भाव येई, त्या फरकावर नकली गिन्नी पाडणाऱ्यांचा धंदा चालला. असे नाणे कसोटीच्या दगडावर उतरेल, वजनातही उतरेल. ते पकडावयास अक्षरांचे वळण व ठशाची धार ओळखणारा डोळाच लागतो. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांच्या होनाचे तेच झाले आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला अस्सल होन अत्यंत दुर्मिळ. आणि भक्तीच्या पोटी फसणारे मात्र फार.

दुसरा लाभ रास्त किमतीचा. परगावी राहणाऱ्या, नाणे हाती न घेता ते विकत घेणाऱ्या मनुष्यास 'उत्तम' या शब्दाचा काय भरवसा? परंतु 63 किंवा 65 हा अंक एका त्रयस्थाचा असतो आणि त्या प्रतीची नाणी पूर्वी कोणत्या भावाने गेली हे लिलावांच्या नोंदींत पाहता येते. लहान गावातील शिक्षक व मोठ्या शहरातील व्यापारी एका पातळीवर येतात. तिसरा लाभ गणनेचा. कोणत्या सालची, कोणत्या प्रतीची किती नाणी आपल्याकडे येऊन गेली याची यादी या संस्था प्रसिद्ध करतात. त्यावरून दुर्मिळतेचा अंदाज बांधता येतो. आणि चौथा लाभ वारसांचा. छंदी मनुष्य गेला म्हणजे त्याच्या संग्रहाचे मोल घरात कोणास कळत नाही. डबीवर नाव, साल, प्रत व क्रमांक असला, तर विधवा पत्नीस किंवा लहान मुलांस कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. आमच्या मते सर्वांत थोर लाभ हाच.

सोन्याहून नाणे किती मोठे होऊ शकते याचा एक दाखला इतिहासात आहे. 5 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जनतेने आपल्याजवळचे सोने सरकारजमा करावे असा हुकूम काढला. परंतु त्या हुकुमातही संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मिळ नाणी वगळण्यात आली होती. म्हणजे सोने वेगळे आणि नाणे वेगळे, हे सरकारनेही मानले. त्याच साली पाडलेली वीस डॉलरांची 4,45,500 नाणी चलनात न आणता वितळविण्याचे ठरले. काही थोडी बाहेर गेली. त्यांपैकी खाजगी मालकीस कायद्याने मोकळे असलेले एक नाणे 2002 साली 75 लाख डॉलरांहून अधिक किमतीस आणि 2021 साली 1 कोटी 88 लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. त्यात शुद्ध सोने आहे सुमारे 30 ग्रॅम! असे नाणे आपल्या घरी निघेल असे आम्ही म्हणत नाही. तत्त्व तेवढे ध्यानी घ्यावे.

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रतवारी हे वजनमाप नव्हे. ते मत आहे. जाणत्याचे, त्रयस्थाचे, परंतु मतच. 1990 साली अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने या धंद्यातील एका संस्थेच्या जाहिरातींवर हाच आक्षेप घेतला होता की, प्रतवारी पूर्णपणे वस्तुनिष्ठ असल्याचा दावा अतिशयोक्तीचा आहे. आणि संस्थेस जाहिरातींत सुधारणा मान्य करावी लागली. आम्ही स्वतः 34 व 35 या दोन गुणांमधल्या भिंतीवर अनेक रात्री काढल्या आहेत. उत्तरपत्रिका तीच, परंतु एका परीक्षकाने नापास केलेला मुलगा दुसऱ्याने पास केल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. नाण्यांच्या बाबतीत 64 व 65 यांमध्ये कधी कधी किमतीची मोठी दरी असते. म्हणून काही लोक डबी फोडून नाणे पुन्हा पुन्हा परीक्षेस धाडतात. एखाद्या वेळी तरी वरचा अंक पडेल या आशेने! शिवाय आता डब्यांच्याही नकला निघतात. म्हणून डबीवरील क्रमांक संस्थेच्या नोंदीशी व छायाचित्राशी ताडल्यावाचून पैसे मोजू नयेत.

आणखी एक मोह सांगतो. आजच्या टांकसाळी संग्राहकांसाठीच मुद्दाम सुंदर नाणी काढतात. त्यांतील पुष्कळ 69 किंवा 70 अंकांस पोहोचतात. नुसत्या डोळ्यास न दिसणाऱ्या एका अंकाच्या फरकासाठी अवाच्या सवा किंमत देणे हा छंद नव्हे, तो जुगार होय. तसेच प्रतवारीस शुल्क पडते. साधी, मुबलक मिळणारी व झिजलेली गिन्नी असेल, तर तिची किंमत सोन्याच्या भावाच्या जवळपासच राहणार. तिच्यावर शुल्क खर्चणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीस बारा आण्यांचा मसाला.

आता आपल्या घरातील नाण्यांविषयी. येथे कायद्याचे भान प्रथम हवे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचाही समावेश होतो, आणि अशी वस्तू परस्पर परदेशी पाठविणे हा गुन्हा आहे. म्हणजे आजोबांची 1918 ची गिन्नी पाकिटात घालून अमेरिकेस प्रतवारीसाठी धाडून द्यावी, असे कोणी समजू नये. पुरातत्त्व खात्याचा सल्ला घेतल्यावाचून असे पाऊल टाकू नये. तसेच परसात, विहिरीच्या खोदकामात किंवा जुन्या घराच्या पायात पुरलेले नाणे सापडले, तर 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. कायदा जुना असला तरी जिवंत आहे.

तर मग ही सर्व विद्या आपल्या काय उपयोगाची? आमचे म्हणणे असे की, डबी आपल्यापर्यंत न पोहोचली तरी तिच्यामागची शिस्त घरी आणता येते. त्या शिस्तीचे पहिले सूत्र आहे: नाणे घासू नये. लग्नकार्यापूर्वी दागिन्यांबरोबर गिन्न्याही रिठ्याच्या पाण्यात टाकून ब्रशाने घासण्याची किंवा पॉलिश करून आणण्याची चाल आपल्याकडे आहे. त्याने नाणे चकचकीत होते आणि त्याची प्रत मरते. आमच्या आजी आपल्या दोन गिन्न्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवीत आणि लक्ष्मीपूजनास त्यांवर हळदीकुंकू वाहण्याऐवजी ते शेजारच्या पानावर वाहत. कोणी विचारले तर म्हणत, "अरे, घासले की सोने झिजते. लक्ष्मीला कोणी खरवडते का?" त्यांस प्रतवारी हा शब्द ठाऊक नव्हता, परंतु अमेरिकेतील परीक्षक जे सांगतात ते त्यांच्या हातास ठाऊक होते.

दुसरे सूत्र: चांगल्या नाण्यास कडी जोडून पदक करू नये, भोक तर पाडूच नये. ज्यांचे पूर्वीच दागिने झाले आहेत ते तसेच ठेवावेत. त्यांचे मोल आता घराण्याचा दागिना म्हणून आहे आणि तेही थोडे नाही. तिसरे सूत्र: नाणे कडेने धरावे, खाली मऊ कापड पसरावे, मऊ, स्वस्त प्लास्टिकच्या पिशवीत ते वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण त्यातून सुटणारे द्रव्य नाण्यास चिकटते.

चौथे सूत्र नोंदीचे, आणि शेल्डनसाहेबांच्या कथेचा बोध येथेच आहे. एका वहीत प्रत्येक नाण्याचे साल, राजा किंवा राणी, टांकसाळीचे अक्षर, वजन व व्यास लिहावे. मोबाइलवर दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत आणि एखादा ओरखडा असेल तर तोही लिहावा. पाहण्यासाठी परवानाधारक पेढीवर किंवा अन्यत्र नाणे दिले, तर परत आलेले नाणे तेच आहे हे ताडता येते. 1917 ची गिन्नी गेली आणि 1925 ची परत आली, हे वजनावरून कधी कळणार नाही, वहीवरून कळेल.

पाचवे सूत्र विकण्याच्या वेळचे. आधी सोन्याची किंमत स्वतः काढावी. गिन्नीचे प्रत्यक्ष वजन घेऊन त्यास 0.9167 ने गुणावे आणि आलेल्या शुद्ध ग्रॅमांस त्या दिवसाच्या 24 कॅरटच्या भावाने गुणावे. हा झाला पाया. याच्या खाली कोणी घट-तूट सांगून किती उतरतो हे आपणांस लगेच दिसेल. नंतर साल व अक्षर पाहून, नाणे म्हणून त्याचे अधिक मोल आहे काय, हे निदान दोन जाणत्यांस विचारावे. नाशिकजवळ आंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. तेथे मुलांस घेऊन जावे, म्हणजे डोळा तयार होतो.

वाटणीविषयी एक शब्द बोलतो, कारण त्याचे दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या माहितीतील एका घरी सहा गिन्न्या तीन भावंडांत दोन-दोन अशा वाटल्या गेल्या. सर्वांस वाटले की, न्याय झाला. पुढे धाकट्या बहिणीच्या वाट्यातील दोन्ही नाण्यांवर पूर्वी कडी जोडल्याचा डाग आहे आणि थोरल्याकडील एक नाणे दुर्मिळ आहे असे समजले, तेव्हा मनात किल्मिष आले. कोणाचीही लबाडी नव्हती. अज्ञानानेच भावंडांत दोन वर्षे अबोला धरविला. अखेर थोरल्याने आपण होऊन ते नाणे वडिलांच्या नावे सामाईक ठेवण्याचे कबूल केले व भाऊबीज पुन्हा सुरू झाली. मोजणी समान झाली म्हणजे वाटणी समान होतेच असे नाही. नाणी वाटण्यापूर्वी ती ओळखावीत, यादी करावी, आणि मग चिठ्ठ्या टाकाव्यात. यादी झाली असती, तर ही दोन वर्षे फुकट गेली नसती.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना करतो. वर्षातून एक सायंकाळ आपण नाणी ओळखण्यासाठी ठेवावी. प्रत्यक्ष नाणी कोणी आणू नयेत. चोराचिलटांची भीती आहे. फक्त छायाचित्रे आणावीत. दोन-तीन जाणते सभासद भिंग घेऊन बसतील, साल व अक्षर वाचून दाखवतील आणि वहीत नोंद कशी करावी हे सांगतील. कोणाकडे काय आहे याची वाच्यता होऊ नये म्हणून छायाचित्रांवर नावाऐवजी क्रमांक असावा. बोर्डाची ही युक्ती येथेही कामास येईल. आम्ही त्या कामास आनंदाने बसू.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी ही नाणी हौसेने कमी आणि काटकसरीने अधिक जमविली. कोणी रजेच्या पगारातून एक गिन्नी घेतली, कोणी बागेतील आंब्यांच्या पैशातून. त्यांनी ती आपल्या हाती दिली ती विश्वासाने. ती जपावीत, प्रसंगी विकावीत, त्यातही काही वावगे नाही. अडचणीसाठीच तर त्यांनी ती ठेवली. परंतु विकताना आपण काय विकतो आहोत हे जाणून विकावे. कस सराफ सांगेल, प्रत परीक्षक सांगेल. परंतु त्या नाण्यामागील कष्टांचे मोल सांगणारे आपणच आहोत. ते मुलांस सांगा, एवढीच प्रार्थना.